कृष्णस्वामी वेंकटरामन

डॉ. कृष्णस्वामी वेंकटरामन (जन्म : मद्रास, ७ जून १९०१, मृत्यू : १२ मे १९८१) हे भारतीय कार्बनी रसायनशास्त्रज्ञ होते. कापड रंगविण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या रंजकांच्या रसायनशास्त्रातील अधिकारी संशोधक म्हणून ते जगभर ओळखले जातात. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे (यूडीसीटी, आजची इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी) आणि पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे (एनसीएल) ते पहिले भारतीय संचालक होत. बेकर–वेंकटरामन पुनर्रचना या कार्बनी विक्रियेला त्यांचे नाव देण्यात आले आहे. त्यांचा 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' हा ग्रंथ कृत्रिम रंजकांच्या विषयावरील आधारग्रंथ मानला जातो. सहकारी व विद्यार्थी त्यांना 'केव्ही' या आद्याक्षरांनी ओळखत. जन्माने तमिळ असले, तरी १९३४ पासूनचे त्यांचे सारे महत्त्वाचे कार्य मुंबई आणि पुणे या दोन शहरांत झाले.

पार्श्वभूमी

वेंकटरामन यांच्या कार्याचे मोल कळण्यासाठी त्यांच्या जन्मापूर्वीच्या अर्धशतकात रंगकामाची काय उलथापालथ झाली होती, ते पाहावे लागते. १८५६ साली विल्यम पर्किन या अठरा वर्षांच्या इंग्रज विद्यार्थ्याने कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या ॲनिलिनमधून जांभळा रंजक तयार केला. त्यानंतर १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान या जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी मंजिष्ठाच्या जातीतील मॅडर या वनस्पतीच्या मुळांतील लाल रंजक, म्हणजे ॲलिझरीन, प्रयोगशाळेत बनविला. १८९७ मध्ये बीएएसएफ या जर्मन कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. यांपैकी प्रत्येक शोधाची किंमत कोठे ना कोठे शेतकऱ्याने आणि रंगाऱ्याने मोजली.

मध्य भारतात आणि विदर्भात या बदलाचा फटका मुख्यतः 'आल' या वनस्पतीला बसला. बारतोंडी या नावानेही ओळखल्या जाणाऱ्या या झाडाच्या मुळांपासून लाल रंग मिळे. सुती कापड तेलात व हिरड्याच्या काढ्यात भिजवून, तुरटी लावून, नंतर आलीच्या मुळांच्या चुऱ्यासह उकळले की पक्का तांबडा रंग चढे. हे काम दिवसच्या दिवस चाले. रंगारी, छिपा आणि आलीची लागवड करणारे शेतकरी अशा कित्येकांचा चरितार्थ या एका मुळावर होता. ॲलिझरीनची भुकटी पेठेत आल्यावर तोच लाल रंग कमी वेळात आणि कमी खर्चात मिळू लागला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलीची लागवड झपाट्याने मागे पडली. आलीच्या मुळांतील मोरिंडोन हे द्रव्य आणि ॲलिझरीन ही दोन्ही अँथ्राक्विनोन या एकाच रासायनिक कुळातील आहेत. म्हणजे जर्मन कारखान्यातून आलेला प्रतिस्पर्धी हा रसायनदृष्ट्या आलीचा भाऊबंदच होता.

नागपुरात हा बदल डोळ्यांसमोर दिसत होता. भोसल्यांच्या राजधानीचा जुना भाग असलेल्या महालाभोवतीच्या पेठांत हातमागाच्या कापडाचा व्यापार पूर्वापार चाले. महालालगतच्या जुम्मा तलावाजवळ (आजचा गांधीसागर) जमशेदजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली. दोनच वर्षांनी, १८७९ मध्ये, मुंबईत नौरोसजी वाडिया यांनी सूत रंगविण्याचा छोटा उद्योग काढला. त्यातूनच पुढे बॉम्बे डाइंग ही मोठी कंपनी उभी राहिली. कापूस वऱ्हाडातला, गिरणी भारतीय मालकाची, मजूरही इथलेच. पण सुताच्या लडीवर चढणारा रंग मात्र जर्मनी, स्वित्झर्लंड किंवा इंग्लंडहून डब्यांत भरून येई. डब्यावर व्यापारी नाव छापलेले असे. आत कोणते संयुग आहे, ते कसे बनते आणि धाग्याला का चिकटते, याची माहिती गिरणीतील रंगकाम प्रमुखालाही क्वचितच असे. पहिल्या महायुद्धात जर्मन रंजकांचा पुरवठा बंद पडला, तेव्हा या परावलंबनाची पुरती जाणीव झाली. याच टंचाईमुळे बिहारमध्ये नामशेष होत आलेल्या निळीच्या लागवडीला काही वर्षे पुन्हा तेजी आली होती.

जन्म आणि शिक्षण

वेंकटरामन यांचे शिक्षण मद्रासच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात झाले. १९२३ मध्ये त्यांनी रसायनशास्त्रातील पदव्युत्तर पदवी मिळविली. त्यानंतर मद्रास सरकारची शिष्यवृत्ती मिळून ते इंग्लंडमध्ये मँचेस्टरला गेले.

मँचेस्टर हे लँकेशायरच्या सुती कापड उद्योगाचे केंद्र आणि इंग्लंडमधील रंजकनिर्मितीचेही एक मुख्य ठाणे होते. तेथे रंगरसायन हा विद्यापीठाच्या भिंतीआडचा विषय नव्हता; शहरालगतच्या कारखान्यांशी त्याचे रोजचे नाते होते. वेंकटरामन यांचे मार्गदर्शक सर रॉबर्ट रॉबिन्सन यांनी विद्यापीठात येण्यापूर्वी ब्रिटिश डायस्टफ्स कॉर्पोरेशन या रंजक कंपनीत संशोधन संचालक म्हणून काम केले होते. वनस्पतिजन्य द्रव्यांवरील संशोधनासाठी रॉबिन्सन यांना पुढे १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. फुलांना आणि पानांना पिवळा, लाल, निळा रंग देणारी द्रव्ये हा त्यांचा आवडीचा विषय होता. त्यांच्यासमवेत वेंकटरामन यांनी फ्लॅव्होन या पिवळ्या वनस्पतिद्रव्यांच्या संश्लेषणावर काम केले आणि १९२६ मध्ये त्यावरील संयुक्त शोधनिबंध प्रसिद्ध झाला. तंत्रविषयक पदव्युत्तर पदवी, डॉक्टरेट आणि नंतर डी.एससी. अशा पदव्या त्यांनी मँचेस्टर येथून मिळविल्या.

उद्योगासाठी उपयोगी रंजक आणि निसर्गातील रंगद्रव्ये, या दोन्हींची ओढ त्यांना मँचेस्टरमध्येच लागली असे म्हणता येईल. पुढील पन्नास वर्षांत यांपैकी एकही त्यांनी सोडली नाही.

लाहोर

१९२७ मध्ये ते भारतात परतले. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत अल्पकाळ काम केल्यानंतर ते लाहोरच्या फॉर्मन ख्रिश्चन महाविद्यालयात रसायनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि १९३४ पर्यंत तेथे राहिले. त्या काळी लाहोर हे उत्तर भारतातील विज्ञानशिक्षणाचे अग्रगण्य केंद्र होते. शांतिस्वरूप भटनागर हेही तेव्हा पंजाब विद्यापीठात होते. महाविद्यालयात पदवीच्या वर्गांना शिकवीत, मर्यादित साधनांनिशी, वेंकटरामन यांनी ज्या संशोधनाला हात घातला त्यातूनच त्यांचे नाव रसायनशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत गेले.

बेकर–वेंकटरामन पुनर्रचना

फ्लॅव्होन हे संयुग बनविण्याच्या ज्ञात पद्धतींत तेव्हा बऱ्याच अडचणी होत्या. उष्णता अधिक लागे आणि हाती येणारे द्रव्य अनेकदा अशुद्ध असे. वेंकटरामन व त्यांचे सहकारी एच. एस. महल यांना असे आढळले की, ऑर्थो स्थानी ॲसिलॉक्सी गट असलेल्या ॲसिटोफिनोनवर क्षारकाची क्रिया केली असता ऑक्सिजन अणूला जोडलेला ॲसिल गट तेथून सुटतो आणि त्याच रेणूतील शेजारच्या कार्बन अणूला जाऊन जोडला जातो. या स्थलांतरातून दोन कार्बोनिल गट असलेले एक डायकीटोन तयार होते. त्यावर अम्लाची क्रिया केली की पाण्याचा रेणू निघून जातो, वलय मिटते आणि फ्लॅव्होन मिळते. सोप्या शब्दांत सांगायचे, तर रेणूचा एक तुकडा बाहेरून न आणता घरातल्या घरात हलविला जातो. म्हणूनच या विक्रियेला पुनर्रचना म्हणतात.

ऑक्सफर्डमधील विल्सन बेकर यांनीही हीच विक्रिया स्वतंत्रपणे शोधली होती व त्यांचा निबंध १९३३ मध्ये लंडनच्या केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात आला. महल आणि वेंकटरामन यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष बंगळूरहून निघणाऱ्या 'करंट सायन्स' या नियतकालिकात छोट्या टिपणाच्या रूपात दिले. सविस्तर निबंध १९३४ मध्ये लंडनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. 'करंट सायन्स' तेव्हा जेमतेम वर्षभराचे होते. भारतात असे नियतकालिक नुकतेच निघाले होते, ही गोष्ट लाहोरच्या या दोघांच्या पथ्यावर पडली. रसायनशास्त्राने हा शोध दोघांच्याही नावे मान्य केला आणि विक्रियेला जोडनाव मिळाले. भारतीय प्रयोगशाळेतील कामावरून ज्या मोजक्या विक्रियांना नाव मिळाले, त्यांत हिची गणना होते.

फ्लॅव्होन व त्यांच्याशी जवळचे नाते असलेली संयुगे निसर्गात विपुल आहेत. होळीच्या रंगासाठी वऱ्हाडात आणि नागपूरकडे पळसाची जी फुले उकळतात, त्यांतील पिवळ्या रंगाची द्रव्ये याच मोठ्या फ्लॅव्होनॉइड कुळातील आहेत. आज या कुळातील द्रव्यांचा अभ्यास रंगापेक्षा औषधांच्या दृष्टीने अधिक होतो आणि त्यांच्या संश्लेषणासाठी बेकर–वेंकटरामन पद्धत अजूनही वापरली जाते.

मुंबई विद्यापीठाचा रासायनिक तंत्रज्ञान विभाग

मुंबई विद्यापीठाने १ ऑक्टोबर १९३३ रोजी रासायनिक तंत्रज्ञान विभाग सुरू केला. आरंभी त्यात रासायनिक अभियांत्रिकी आणि वस्त्ररसायन या दोन शाखांवर भर होता. मुंबईत गिरण्या होत्या, त्यामुळे वस्त्ररसायनाची निवड स्वाभाविक होती. विभागाचे पहिले प्रमुख डॉ. आर. बी. फॉर्स्टर हे होते. वेंकटरामन १९३४ मध्ये प्रपाठक म्हणून येथे रुजू झाले. १९३८ मध्ये ते विभागाचे संचालक झाले व १९५७ पर्यंत, म्हणजे एकोणीस वर्षे, त्या पदावर राहिले. त्याचबरोबर ते रासायनिक तंत्रज्ञानाचे मोदी प्राध्यापकही होते. प्रारंभी रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सच्या आवारात भरणारा विभाग त्यांच्याच कारकीर्दीत, १९४३ मध्ये, माटुंग्याच्या स्वतंत्र वास्तूत गेला.

गिरणीला हवा असलेला माणूस आणि विद्यापीठाला हवा असलेला माणूस हे सहसा वेगळे असतात. गिरणीला उद्याच्या मालाचा रंग ठरलेल्या नमुन्याशी जुळवून देणारा तंत्रज्ञ हवा असतो. विद्यापीठाला रेणूची रचना उलगडणारा संशोधक हवा असतो. वेंकटरामन यांनी या दोहोंना एकाच इमारतीत शिकविले. गिरणीत रोज उद्भवणारे प्रश्न त्यांनी शुद्ध रसायनशास्त्राच्या भाषेत मांडून संशोधनाचे विषय केले.

याचे एक चांगले उदाहरण नॅप्थॉल रंगांचे आहे. या पद्धतीत तयार रंजक कापडावर चढवीत नाहीत. सूत किंवा कापड आधी नॅप्थॉलच्या अल्कली विद्रावात बुडवितात, पिळतात आणि मग डायॲझो लवणाच्या थंड विद्रावात सोडतात. दोन जवळपास रंगहीन द्रव्यांचा धाग्यावरच संयोग होतो आणि तत्क्षणी गडद लाल, मरून किंवा नारिंगी रंग उमटतो. धाग्याच्या आत तयार झालेला हा ॲझो रंजक पाण्यात विरघळत नाही, म्हणून तो धुण्याने निघत नाही. पण पहिल्या टप्प्यात नॅप्थॉल धाग्याला पुरेसे धरून राहिले नाही, तर ते दुसऱ्या भांड्यात सुटते, रंग बाहेरच तयार होतो आणि कापडावर भुकटीसारखा बसतो. असे कापड घासले की हाताला रंग लागतो. हातमागाच्या गावांतील प्रत्येक रंगाऱ्याला ही तक्रार ठाऊक असते. कोणते नॅप्थॉल सुताला अधिक धरून राहते, आणि रेणूच्या कोणत्या घडणीमुळे, याचा पद्धतशीर शोध फॉर्स्टर, वेंकटरामन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत घेतला.

व्हॅट रंजकांचा अभ्यासही याच काळातला. नीळ हा या वर्गाचा सर्वांत जुना सदस्य. व्हॅट रंजक मूळ स्थितीत पाण्यात विरघळत नाहीत. कॉस्टिक सोडा आणि रंगाऱ्यांच्या बोलीत नुसते 'हायड्रो' म्हटले जाणारे सोडियम हायड्रोसल्फाइट यांच्या योगाने त्यांचे क्षपण केले की ते विद्राव्य होऊन धाग्यात शिरतात. कापड बाहेर काढून हवेत धरले की ऑक्सिजनमुळे रंजक पुन्हा मूळ अविद्राव्य रूपात येतो आणि आत अडकून बसतो. निळीच्या भांड्यातून पिवळट-हिरवे निघालेले सूत हवेत निळे होत जाताना पाहणे हा रंगशाळेतील नवशिक्याचा पहिला धडा असतो. अँथ्राक्विनोनपासून बनविलेले व्हॅट रंजक धुण्याला आणि उन्हाला सर्वांत टिकाऊ मानले जातात. मात्र त्यांची निर्मिती कठीण असून तिचे तपशील जर्मन कंपन्यांनी काटेकोरपणे गुप्त ठेवले होते.

'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज'

रंजक उद्योगातील ही गुप्तता हाच वेंकटरामन यांच्या पिढीपुढील मोठा अडसर होता. १९२५ मध्ये बायर, बीएएसएफ, हेक्स्ट आदी जर्मन कंपन्या एकत्र येऊन आय. जी. फार्बेन हा महासंघ स्थापन झाला होता आणि जगाच्या रंजक व्यापारावर त्याची मोठी पकड होती. एकस्वांमध्ये जे प्रसिद्ध होई, ते कृतीवरून रंजक तयार होऊ नये इतक्या बेताने लिहिलेले असे.

दुसऱ्या महायुद्धात जर्मनीचा पाडाव झाल्यावर ब्रिटिश व अमेरिकन तज्ज्ञांची पथके जर्मन कारखान्यांत शिरली. त्यांनी तेथील कृती, प्रमाणे, तापमाने आणि यंत्रसामग्री यांची नोंद करून शेकडो अहवाल प्रसिद्ध केले. बायॉस, सायॉस आणि फियाट या आद्याक्षरी नावांनी हे अहवाल ओळखले जातात. तोवर कुलूपबंद असलेले ज्ञान अशा रीतीने एकाएकी खुले झाले. पण ते विस्कळीत होते. एका रंजकाची माहिती चार अहवालांत विखुरलेली, नावे व्यापारी, आणि त्यामागील रसायनशास्त्र बहुधा अध्याहृत.

वेंकटरामन यांनी हे सर्व साहित्य, प्रसिद्ध शोधनिबंध व एकस्वे यांच्याशी ताडून, एका सूत्रात गुंफले. 'द केमिस्ट्री ऑफ सिंथेटिक डाइज' या ग्रंथाचे दोन खंड १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या ॲकॅडेमिक प्रेसने प्रकाशित केले. रंजकांचे वर्गीकरण, त्यांची मध्यस्थ रसायने, निर्मितीच्या कृती, संरचना व रंग यांचा संबंध, धाग्यावर रंजक चढण्याची यंत्रणा आणि रंगाचा पक्केपणा हे सर्व त्यात एकत्र आले. अल्पावधीतच त्याचे रशियन भाषांतर झाले. जर्मनीचा किंवा स्वित्झर्लंडचा नव्हे, तर रंजक आयात करणाऱ्या देशाचा प्राध्यापक या विषयावरचा प्रमाणग्रंथ लिहितो, ही त्या काळी अनपेक्षित गोष्ट होती. एका अर्थी त्याचे बाहेरचे असणेच उपयोगी ठरले असावे, कारण कोणत्याही कंपनीचे गुपित सांभाळण्याची जबाबदारी त्याच्यावर नव्हती.

१९५२ हेच वर्ष भारतीय रंजक उद्योगाच्या दृष्टीनेही ध्यानात ठेवण्याजोगे आहे. कस्तुरभाई लालभाई यांनी अमेरिकन सायनामिड कंपनीच्या सहकार्याने गुजरातमध्ये उभारलेल्या अतुल या रंजक कारखान्याचे उद्घाटन पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते त्याच वर्षी मार्चमध्ये झाले. पुढील दशकांत मुंबई, ठाणे आणि गुजरातच्या पट्ट्यात रंजकांचे अनेक कारखाने निघाले. त्यांना लागणारे रसायनतज्ज्ञ मोठ्या प्रमाणात माटुंग्याच्या विभागातून आले.

१९५६ मध्ये आयसीआय या ब्रिटिश कंपनीने प्रोसिऑन या नावाने रिॲक्टिव्ह रंजक बाजारात आणले. हे रंजक सुताच्या सेल्युलोजशी थेट रासायनिक बंध जोडतात. तोवर रंजक धाग्यावर बसत किंवा त्यात अडकत. आता ते धाग्याचाच भाग होऊ लागले. पहिल्या दोन खंडांत या वर्गाचा समावेश असणे अर्थातच शक्य नव्हते. वेंकटरामन यांनी देशोदेशींच्या तज्ज्ञांकडून प्रकरणे लिहवून घेऊन १९७० ते १९७८ या काळात तिसऱ्यापासून आठव्यापर्यंतचे खंड संपादित केले. त्यांतील सहावा खंड (१९७२) संपूर्णपणे रिॲक्टिव्ह रंजकांना वाहिलेला आहे. १९७७ मध्ये रंजकांच्या विश्लेषणपद्धतींवरील स्वतंत्र ग्रंथही त्यांच्या संपादनाखाली निघाला. शेवटचा खंड निघाला तेव्हा ते सत्त्याहत्तर वर्षांचे होते.

राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा

पुण्याच्या पाषाण भागातील राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची कोनशिला ६ एप्रिल १९४७ रोजी बाळासाहेब खेर यांनी बसविली आणि तिचे उद्घाटन ३ जानेवारी १९५० रोजी नेहरूंच्या हस्ते झाले. पहिले दोन संचालक, जेम्स मॅकबेन आणि जी. आय. फिंच, हे परदेशी होते. १९५७ मध्ये वेंकटरामन संचालकपदी आले व १९६६ पर्यंत त्यांनी ते पद सांभाळले.

त्यांच्या कारकीर्दीत प्रयोगशाळेतील कार्बनी रसायनशास्त्राला विशेष बळ मिळाले व ती या विषयातील देशातील प्रमुख संशोधन केंद्रांपैकी एक बनली. संचालकपद सोडल्यानंतरही ते प्रयोगशाळेत संशोधन करीत राहिले. त्यांच्यानंतर संचालक झालेले डॉ. बाळ दत्तात्रेय टिळक हेही रंजकांचेच अभ्यासक आणि मुंबईत त्यांच्या हाताखाली तयार झालेले होते.

नैसर्गिक रंजकांवरील संशोधन

कृत्रिम रंजकांचा हा भाष्यकार पुण्यात मात्र पुन्हा निसर्गाकडे वळला. हा त्यांच्या चरित्रातील सर्वांत मनोवेधक भाग म्हणावा लागेल.

लाखेचा किडा पळस, कुसुम, बोर यांसारख्या झाडांच्या फांद्यांवर वाढतो. फांदीवरची लाख धुताना पाण्यात उतरणारा तांबडा रंग भारतात रेशीम व लोकर रंगविण्यासाठी शतकानुशतके वापरात होता. कृत्रिम रंजक आल्यावर त्याला कोणी विचारीना. लाख धुतलेले ते लाल पाणी चक्क ओतून दिले जाऊ लागले. या रंगात नेमके कोणते द्रव्य आहे, याबद्दल रसायनशास्त्रात बराच काळ संदिग्धता होती. वेंकटरामन, ए. व्ही. रामाराव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, हे एकच द्रव्य नसून परस्परांशी मिळत्याजुळत्या अनेक लॅक्काइक आम्लांचे मिश्रण आहे. ती द्रव्ये एकमेकांपासून अलग करून त्यांच्या संरचना त्यांनी ठरविल्या. आल आणि ॲलिझरीनप्रमाणे हीदेखील अँथ्राक्विनोन कुळातीलच निघाली.

याच मालिकेत त्यांनी भूमध्य समुद्राकाठच्या ओक वृक्षावरील कर्मिस किड्यापासून मिळणाऱ्या कर्मेसिक आम्लाची संरचना १९६८ मध्ये नव्याने मांडली. आपण मराठीत ज्याला किरमिजी म्हणतो त्या रंगाचे नाव याच किड्यावरून आले आहे.

दुसरा मोठा विषय फणस. फणसाच्या जुन्या लाकडाचा गाभा पिवळा असतो आणि त्याचा काढा दक्षिण व आग्नेय आशियात बौद्ध भिक्षूंची वस्त्रे रंगविण्यासाठी वापरला जातो. या लाकडातून वेंकटरामन यांच्या गटाने आर्टोकार्पिनसारख्या फ्लॅव्होन वर्गातील अनेक द्रव्यांचा अभ्यास केला. अशा द्रव्यांच्या आधारे वड, तुती आणि फणस ज्या मोरेसी कुलात येतात त्या वनस्पतींचे परस्परसंबंध ठरविता येतील का, असा प्रश्न त्यांनी १९७२ मधील एका आढावालेखात चर्चिला. लाहोरमध्ये तिशीत असताना ज्या फ्लॅव्होनवर त्यांनी काम केले होते, त्याकडे ते असे सत्तरीत परतले.

या संशोधनाचा हेतू जुना धंदा पुन्हा उभा करणे हा नव्हता, हे स्पष्ट करणे आवश्यक आहे. नैसर्गिक रंगांकडे परतण्याची आजची चळवळ त्यांच्या हयातीनंतरची. ॲझो रंजकांपैकी ज्यांच्यापासून कर्करोगकारक अमाइने सुटू शकतात अशांवर जर्मनीने आणि नंतर भारताने बंदी घातली, तीही १९९० च्या दशकात. रंगशाळांच्या सांडपाण्याने नद्यांची जी दुर्दशा केली, तिचा विचार त्यांच्या पिढीच्या ग्रंथांत अभावानेच आढळतो. त्यांची पिढी देशाला रंजक बनविता यावेत या प्रश्नाने झपाटलेली होती. तरीही आज लाखेचा रंग खाद्यपदार्थांत किंवा कापडात वापरू पाहणाऱ्यास त्यातील द्रव्यांची ओळख पटविण्यासाठी पुण्यात झालेल्या या कामाचाच आधार घ्यावा लागतो.

विद्यार्थी

टिळक व रामाराव यांच्याखेरीज त्यांच्या विद्यार्थ्यांमध्ये डॉ. नित्यानंद यांचे नाव ठळक आहे. त्यांनी मुंबईत वेंकटरामन यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविली. पुढे ते लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेचे संचालक झाले आणि 'सहेली' या नावाने प्रसिद्ध असलेल्या गर्भनिरोधक गोळीतील औषध त्यांच्या संशोधनातून आले. रामाराव पुढे हैदराबादच्या भारतीय रासायनिक तंत्रज्ञान संस्थेचे संचालक झाले. भारतीय औषधउद्योगाच्या उभारणीत रंजकांच्या प्रयोगशाळेतून आलेली माणसे दिसतात, यात आश्चर्य नाही. जर्मनीतही औषधे बनविणाऱ्या बायर आणि हेक्स्ट या कंपन्या मुळात रंजकांच्याच होत्या.

कुटुंब

अर्थशास्त्रीय इतिहासकार धर्मा कुमार (१९२८–२००१) या त्यांच्या कन्या. त्यांचे बालपण लाहोरमध्ये गेले आणि महाविद्यालयीन शिक्षण मुंबईच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयात व नंतर केंब्रिज येथे झाले. दक्षिण भारतातील जमीन व जात यांच्या संबंधावरील त्यांचा ग्रंथ (१९६५) प्रसिद्ध असून 'केंब्रिज इकॉनॉमिक हिस्टरी ऑफ इंडिया' या ग्रंथाच्या दुसऱ्या खंडाचे संपादन त्यांनी केले. ब्रिटिश काळात भारतातील हस्तोद्योग किती प्रमाणात बुडाले, हा प्रश्न त्या खंडातील चर्चेचा एक महत्त्वाचा भाग आहे.

सन्मान

भारत सरकारने १९६१ मध्ये वेंकटरामन यांना पद्मभूषण देऊन गौरविले. भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि बंगळूरची भारतीय विज्ञान अकादमी यांचे ते सदस्य होते. त्यांच्या स्मरणार्थ व्याख्याने आयोजित केली जातात. माटुंग्याचा त्यांचा विभाग २००८ पासून इन्स्टिट्यूट ऑफ केमिकल टेक्नॉलॉजी या नावाने अभिमत विद्यापीठ म्हणून कार्यरत आहे.